चौतीस, सगळी जागेवर

ब्रेझोवेत्स, १२ सप्टेंबर २०१८

स्पास,

मायना कोणता घालावा हे ठरेना, म्हणून नुसते नाव लिहिले आहे. तुझा पत्ता झोर्नित्साने दिला. मी फोनवर पत्ता मागितला तेव्हा तुझी ही लेक म्हणाली, "काका, बाबा बरे आहेत. तुम्हाला काही झालंय का?" मी म्हणालो, गुडघे सोडले तर काही नाही. ती म्हणाली, "मग अठरा वर्षांनी पत्ता कशाला हवाय?" मुलगी नेमका प्रश्न विचारते. हा गुण तिने तुझ्याकडून घेतलेला नाही. तू नेहमी प्रश्नाच्या आजूबाजूने फिरत असायचास.

लिहिण्याचे निमित्त साधे आहे. आपल्या जुन्या तळावर पाच वर्षांपासून लढाऊ विमानांचे संग्रहालय आहे. मी तिकडे आजवर फिरकलो नव्हतो. ते चालवते झेचका. पॅराशूटच्या घड्या घालणारी झेचका तुला आठवत असेल. आवाज तसाच आहे, केस तेवढे पांढरे झाले. तिचा फोन आला: "कर्नलसाहेब, सोळा ऑक्टोबरला विमानदलाचा दिवस. नव्या पाट्या छापायच्यात. चुका राहिल्या तर तुम्ही येऊन आम्हाला फाडून खाणार. त्यापेक्षा आधीच या आणि खा!"

दोन बसगाड्या बदलून गेलो. तिकिटाच्या खिडकीत तीच बसली होती. मला तिकीट काढायला लावले. "कर्नलपण वेगळं, तिकीट वेगळं."

पाट्यांची अवस्था काय सांगू? एका ठिकाणी रडारच्या आवरणाला इंधनाची टाकी म्हटले आहे. हेलिकॉप्टरच्या पाटीवर ते आपल्याकडे आल्याचे जे वर्ष दिले आहे, त्या वर्षी ते हेलिकॉप्टर कारखान्यातूनही बाहेर पडलेले नव्हते. प्रशिक्षणाच्या विमानाला जो हिरवा रंग दिला आहे तो जगातल्या कोणत्याही वायुदलाने कधी वापरला नसेल. मी म्हणालो, "हा विमानाचा रंग नव्हे, कोबीचा आहे." झेचका म्हणाली, "बाकांचा आहे, साहेब. नगरपालिकेच्या बागेतला उरलेला डबा. कोबीला कोण रंग देतं?"

लाल शाईने दुरुस्त्या केल्या. हातांना अजून सवय आहे, पण उभे राहणे जमत नाही. दर तिसऱ्या विमानापाशी पंखाखाली बसावे लागले.

त्रेचाळीस क्रमांकाचे मिगही तिथे आहे. रांगेत शेवटचे, गवतात. त्याची पाटी मी तपासली नाही. बसची वेळ झाली होती.

बसला अजून चाळीस मिनिटे होती.

वेलिझार


२१ सप्टेंबर

स्पास,

मागचे पत्र पोस्टात टाकलेले नाही. त्यात काही चुकीचे लिहिले आहे असे नाही. ते अपुरे आहे, आणि अपुरा कागद मी कधी पुढे पाठवत नसे, हे तुला माहीत आहे.

झेचकाने पुन्हा बोलावले. "एक पाटी राहिली, साहेब. सगळ्यांत महत्त्वाची तीच. लोक तिथंच थांबतात, अपघात म्हटलं की." या वेळी तिने माझा दंड धरला आणि मला गवतातून थेट त्रेचाळीसपर्यंत नेले. पुढचे चाक ज्या पोकळीत दुमडले जाते तिथे पक्ष्यांनी वर्षानुवर्षे घरटी केली होती. जूनमध्ये रंग देण्याआधी तिने तिथे दाबाची हवा मारली. काड्या, पिसे, अंड्यांची टरफले यांच्याबरोबर एक वस्तू खाली पडली. ती आता काचेच्या पेटीत, कापसावर ठेवली आहे.

दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा गोल आरसा, लांब दांडीचा. काच तडकलेली आहे. पण मूठ शाबूत आहे: कॉकपिटवरच्या फुटलेल्या पारदर्शक छताचे तुकडे आणि त्यांमध्ये दात घासायच्या ब्रशांच्या लाल-पिवळ्या दांड्यांच्या चकत्या, थरावर थर, घासून गुळगुळीत केलेले.

तशी मूठ साऱ्या तळावर एकच माणूस करत असे.

"बघितलंत?" झेचका म्हणाली. "एकतीस वर्षांनी पुरावा पोटातून बाहेर पडला. मला तर बघितल्याबरोबर कळलं. स्पासनं मला याच धर्तीचा कंगवा करून दिला होता. आणि तो काय म्हणायचा? म्हणे, माझी सगळी हत्यारं जागेवर! अहो, जागेवर असणारच, हा हत्यारात धरलाच नव्हता त्यानं. स्वतःचा खाजगी आरसा, पेटीबाहेरचा!" तिने पाटीचा मसुदा माझ्या हातात दिला. त्यात लिहिले होते: *मेकॅनिकने निष्काळजीपणे विमानात विसरलेली, त्याच्या स्वतःच्या हातची वस्तू. हिच्यामुळे उड्डाणात सुकाणूचा दांडा अडकला आणि कॅप्टन बोझिल यांचा कणा कायमचा जायबंदी झाला.*

"भाषा ठीक आहे ना?" तिने विचारले.

भाषा ठीक होती. मी म्हणालो, विचार करून सांगतो. तिने सांगितले की जुन्या लोकांना तिने आधीच कळवले आहे आणि सगळे येणार आहेत. पेंचो फोरमन तर म्हणाला, आता स्पास स्पेनहून येऊन माझ्या पाया पडला तरी मी ऐकायचा नाही. फीत मी कापायची आहे.

परतताना बसमध्ये मला बसायला जागा मिळाली. घरी येऊन जेवलो नाही.

वे.


३० सप्टेंबर

स्पास,

हे पत्र मी चार वेळा लिहिले. पहिल्या तिन्ही खेपांना वाक्ये उत्तम झाली होती, म्हणून फाडली.

तो आरसा माझा आहे.

तुला हे सांगण्याची गरज नाही. तो तूच मला करून दिलास, मी मॉस्कोहून पदवी घेऊन परतलो त्या उन्हाळ्यात, आईच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली. पण कागदावर यायला हवे. तुला हेही आठवत असेल की मूठ घासून झाल्यावर तू मला थोरल्या भावाची हाक मारून विचारले होतेस, "बाते, ह्याच्यावर आकडा कोरू का? पेटीत नोंदवता येईल." आणि मी म्हणालो होतो, "मी मेकॅनिक नाही." मेकॅनिकांच्या हत्यारांवर पेटीचा क्रमांक असे आणि कामानंतर ती मोजली जात. तपासणाऱ्याच्या खिशात काय आहे ते मोजण्याची पद्धत नव्हती. मोजणारा मीच होतो. मला कोण मोजणार?

चार जून, सत्त्याऐंशी. त्रेचाळीसचे दर शंभर उड्डाण-तासांनंतरचे काम संपत आले होते. वैमानिकाची खुर्ची बाहेर काढलेली होती. मी आत उतरून तळाशी असलेले सुकाणूचे दांडे तपासले, आरशात मागची बाजू पाहिली. सारे स्वच्छ होते. तेवढ्यात मुख्यालयाचा फोन आला म्हणून मला हाक आली. आरसा मी एका कडेवर ठेवला. वर आलो आणि फोनवर वीस मिनिटे एका मूर्ख माणसाशी वाद घातला. परत आलो तेव्हा तू पेटी उघडून शिडीपाशी उभा होतास. तांबड्या कापडातला एकूण एक खळगा भरलेला होता. तू म्हणालास, "पेटी चौदा. चौतीस, सगळी जागेवर." मी म्हणालो, "ऐकलं." आणि सही केली. तू खुर्ची बसवलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोझिल उतरत असताना दांडा अडकला. त्याने तो दोन्ही हातांनी ओढला. विमान आपटले, धावपट्टी ओलांडून शेतात गेले, पुढचे चाक मोडले. त्या धक्क्याने आरसा दांड्यांमधून निसटून खालच्या पोकळीत गेला असणार. समितीला दांड्यावर ताजा ओरखडा सापडला, पण वस्तू सापडली नाही.

आता जे लिहितो ते तुला ठाऊक नाही. त्या संध्याकाळी मी छातीच्या खिशात हात घातला आणि खिसा रिकामा होता. मी टेबलाचे खण पाहिले, दुसरा कोट पाहिला, घरी कपाट पाहिले. मग मी शोधणे थांबवले. यातच सारे आले, स्पास. आपली वस्तू हरवली आहे असे ज्याला वाटते तो शोधत राहतो.

तळाचा इंजिनियर म्हणून अहवाल मी रात्रीतून लिहिला. तुझी मोजणी पूर्ण भरत होती, ही अडचण होती. त्यावर मी एक वाक्य लिहिले: *पेटी क्रमांक चौदामधील संख्या घटनेनंतर कोऱ्या हत्याराने पूर्ण केली गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.* मी कोणावर आरोप केला नव्हता. जे खोटे ठरवता येईल असे एक अक्षर त्यात नव्हते. माझ्या हातून लिहिले गेलेले इतके निर्दोष वाक्य दुसरे नाही. त्या वाक्याने तुझा हुद्दा गेला, नोकरी गेली, पुढे कोणत्याही कारखान्याने तुला यंत्राला हात लावू दिला नाही, तू सहकारी शेतीचे ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिलास आणि गावच्या खानावळीत लोक तुझ्यासमोर काटे-चमचे ठेवून म्हणत राहिले, "मोज रे, स्पास!"

आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी घातलेल्या जेवणाचे बोलतो. तिच्या नावाने उकडलेले गहू सगळ्यांना वाटून झाले होते. पेंचोने टेबलाखाली एक चमचा लपवला आणि ओरडला, "एक चमचा कमी आहे, स्पासला विचारा!" सगळे हसले. तू माझ्याकडे पाहिलेस. तू दुसऱ्या कोणाकडे पाहिले नाहीस.

मी हसलो होतो. किंचित, पण हसलो. तू पाव ताटात ठेवलास आणि उठलास. त्यानंतर वर्षभरात तू स्पेनला गेलास, संत्र्यांच्या बागांचे पंप दुरुस्त करायला. मी सर्वांना सांगत आलो की माझा भाऊ पैशासाठी गेला.

हे पत्र पाठवणे सोपे आहे. तू तिकडे वाचशील, इकडे कोणाला कळणार नाही. पाटी छापली जाईल. लोक येतील, वाचतील आणि तू कायमचा दोषी ठरशील, तेही तुझ्याच हातच्या कामाने. मी तोंड उघडले नाही तर कोणीच उघडू शकत नाही. आरशावर आकडा नाही.

थकलो आहे. दिवसाढवळ्यासुद्धा झोप येते.

वे.


९ ऑक्टोबर

स्पास,

सांगितले.

झेचका हँगरच्या मागे लाल मिरच्या भाजत होती, हिवाळ्याच्या चटणीसाठी. शेजारी दोन टोपल्या भरलेल्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "तो आरसा माझा आहे."

"देता येणार नाही, साहेब. नोंद झालीय."

"परत मागत नाही. सत्त्याऐंशीत तो माझा होता. मी आत विसरलो."

तिने चिमट्याने एक मिरची उलटली. मग ती तशीच ठेवली. ती जळेपर्यंत ठेवली.

"आणि हे तुम्हाला आज आठवलं?"

"नाही."

"मग कधी?"

"त्याच संध्याकाळी."

तिने जळालेली मिरची बाजूला टाकली. मग बोलली ते माझ्याशी नव्हते, मिरच्यांशी. "बोझिलला जाऊन तीन वर्षं झाली. शेवटपर्यंत कमरेला पट्टा. मधमाश्यांच्या पेट्या उचलायला बायको लागायची. स्पासचं नाव निघालं की थुंकायचा, आणि मी म्हणायचे, थुंक बाबा, तुझा हक्क आहे." तिने डोळे पुसले, धूरही होता. "आणि मी? पावाच्या रांगेत स्पास मागं उभा राहिला की मी पाठ फिरवायचे. तो म्हणायचा, 'झेचका, कंगवा चालतोय का?' मी तो कंगवा चुलीत घातला, साहेब. त्याच्या देखत सांगितलं, चुलीत घातला म्हणून!"

मी म्हणालो की मी नवा मसुदा आणला आहे. तिने हात पुसून कागद घेतला. मोठ्याने वाचला. *तपासणीच्या वेळी एका अधिकाऱ्याकडून अनवधानाने राहून गेलेली वस्तू...* ती थांबली.

"एका अधिकाऱ्याकडून?"

"हुद्दा पुरेसा आहे," मी म्हणालो. "लोकांना नावाचे काय? पाहुणे येतात, फोटो काढतात, जातात."

"कर्नलसाहेब, मी बावीस वर्षं पॅराशूटच्या घड्या घातल्यात. प्रत्येक घडीबरोबर एक चिठ्ठी जायची. घडी घातली: झेचका. तारीख. ती चिठ्ठी उघडणाऱ्यासाठी नव्हती हो, ज्याचं उघडलं तो वाचत बसणार नव्हता. जे उघडलं नाही त्यासाठी होती. जमिनीवरच्या माणसांनी वाचायची. बावीस वर्षं मी दर घडीवर माझं नाव टाकून रात्री झोपले. आणि तुम्ही मला सांगता, एका अधिकाऱ्याकडून?" तिने कागद माझ्या छातीच्या खिशात खोचला. त्याच खिशात. "एवढी मोठी लाल शाई तुमची. स्वतःच्या ओळीला नाही होय चालत?"

ती म्हणाली ते योग्य होते. 'एका अधिकाऱ्याकडून' ही ढिसाळ रचना आहे. कर्त्यावाचून लिहिलेले असे वाक्य दुसऱ्या कोणी माझ्यासमोर ठेवले असते तर मी ते परत फेकले असते.

मी म्हणालो, मग फीत दुसऱ्या कोणाकडून कापून घ्या.

"अजिबात नाही. फीत तुम्हीच कापायची. आणि पाटी तुम्हीच वाचायची. मोठ्यानं. पेंचोला ऐकू कमी येतं."

निघताना तिने भाजलेल्या मिरच्यांची बरणी दिली नाही. मागच्या दोन्ही वेळी दिली होती.

वे.


१६ ऑक्टोबर

स्पास,

सारी पत्रे एकाच पाकिटात घालत आहे, क्रमाने. कशातही फेरफार केलेला नाही. पहिल्या पत्रात बसविषयी जे लिहिले आहे तेही तसेच ठेवले आहे. सोबत संरक्षण मंत्रालयाच्या अभिलेखागाराला पाठवलेल्या निवेदनाची प्रत आहे. जुन्या अहवालाला ते जोडावे अशी मागणी मी केली आहे. ते जोडतील किंवा न जोडतील. पोच माझ्याकडे आहे.

सकाळी थंडी होती. तळावरचे नऊ जण आले होते, पदके लावून, काठ्या घेऊन. बोझिलची बायको आली होती. नगराध्यक्षांनी भाषणात विमानांना 'पोलादी गरुड' म्हटले. ती ॲल्युमिनियमची असतात, पण मी गप्प राहिलो. फीत कापली. मग चष्मा लावला आणि वाचले. पाटी तुला पूर्ण लिहून पाठवतो, कारण तिचा मसुदा तुझ्या परवानगीवाचून छापला गेला आहे आणि चूक असेल तर ती बदलली जाईल:

*तपासणीचा आरसा. घडवणारा: सार्जंट स्पास मिनेव, मेकॅनिक. विमानात विसरणारा: इंजिनियर-मेजर वेलिझार मिनेव, ४ जून १९८७. या आरशाने दांडा अडकून कॅप्टन बोझिल द्रागनोव कायमचे जायबंदी झाले. मेजर मिनेव यांना हे ठाऊक होते. त्यांनी दोष मेकॅनिकवर जाऊ दिला. मेकॅनिकची मोजणी पूर्ण होती.*

वाचून झाले. दूरवर शाळेची मुले हेलिकॉप्टरच्या चाकावर चढत होती आणि त्यांच्या बाई ओरडत होत्या. मग पेंचो शेजारच्याला म्हणाला, "काय म्हणाला? कुणाचा आरसा?" शेजाऱ्याने त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले. पेंचोने टोपी काढली, परत घातली. "म्हणजे चमचा स्पासकडं नव्हताच?" तो मोठ्याने म्हणाला, बहिरा माणूस हळू बोलू शकत नाही. "मग इतकी वर्षं आम्ही कुणाला हसत होतो?"

त्याने माझ्याकडे पाहिले. उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर उभे होते.

बोझिलची बायको पाटीजवळ गेली, पुन्हा स्वतः वाचली, बोट ठेवून. मग माझ्यासमोरून गेली. मी हात पुढे केला नव्हता, तिने बघितलेही नाही. बाकीचे हळूहळू कॅन्टीनकडे गेले. मी गेलो नाही. झेचका परत आली आणि माझ्याजवळ एक खुर्ची ठेवून गेली. खुर्ची पाठीची होती.

हँगरमध्ये तुझी पेटी आहे, स्पास. पेटी चौदा. मी पहिल्या दिवशीच पाहिली होती, तुला लिहिले नाही. तांबडे कापड किडीने खाल्ले आहे. तळ बंद झाला त्या वर्षी लोकांनी मिळेल ते उचलले. आत आता एकोणीस हत्यारे उरली आहेत. रिकामे खळगे मी बोटाने मोजले. पंधरा. एकोणीस आणि पंधरा. दोनदा मोजले, तू मोजायचास तसे.

अपघातानंतर, समितीची गाडी यायच्या आधी, तू ती पेटी धावपट्टीच्या कडेला गवतात उघडून ठेवली होतीस. बोझिलला नुकतेच उचलून नेले होते. तुझ्या गुडघ्यांना चिखल लागला होता. तू सावधान उभा राहिलास आणि म्हणालास, "पेटी चौदा. चौतीस, सगळी जागेवर." मी उत्तर दिले नाही. तू पुन्हा म्हणालास. मग हळू आवाजात म्हणालास, "बाते, म्हण की."

नियमाप्रमाणे माझ्याकडून एकच शब्द यायचा होता. मी घड्याळात पाहिले आणि गाडीकडे चालू लागलो.

या पत्राला उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. माझी काही मागणी नाही. पाकीट उद्या सकाळी नोंदणीने टाकतो. आता चार वाजले आहेत, पोस्ट बंद झाले, आणि आज गुडघेही तितके चालणार नाहीत. मी अजून हँगरमध्येच बसलो आहे, पेटीसमोर.

पेटी चौदा. चौतीस, सगळी जागेवर.

ऐकलं.

वेलिझार